दगड बोलला का?

ग्राइंडरचा दगड आधी वाजवून पाहायचा, मग लावायचा. दिसायला सारेच दगड शहाणे दिसतात. दुकानातून नवा आणला, त्याच्या पोटावरचा रंगीत कागद पाहिला, गोलाई पाहिली आणि चढवला मशीनवर, असे घाईचे लोक मी कारखान्यात खूप पाहिले. त्यातल्या एकाचा दगड चालत्या मशीनवर फुटला आणि तुकडा जबड्यावर बसला. डॉक्टरनं जबडा तारेनं बांधला. पुढं किती तरी दिवस तो वरणाचं पाणी पीत आम्हाला शिव्या देत होता, त्याही दात न उघडता.

दगडाच्या आतली भेग डोळ्याला दिसत नाही, कानाला दिसते. दगड कोरडा पाहिजे. भोकातून काठी घालून तो अधांतरी धरायचा आणि पेचकसाच्या, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरच्या, लाकडी मुठीनं हळूच ठोकायचं. चांगला दगड बोलतो, काशाच्या वाटीसारखा टण्ण करतो. फुटका दगड मुका असतो. ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा भद्द करतो आणि गप्प बसतो.

आता गंमत पाहा. एवढं सारं मला येतं, आणि कान नाहीत.

मी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होतो. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. लोखंडावर लोखंड आपटण्याच्या आवाजात जन्म काढला. एक कान नोकरीतच गेला, दुसरा पेन्शनीत. दोघांपैकी एकाचाही निरोपसमारंभ झाला नाही. रिटायर झाल्यावर मी रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत, घरासमोर टिनाची टपरी टाकली आणि तिच्यात दोन दगडांचा ग्राइंडर बसवला. एक दगड खरबरीत, एक बारीक. कैच्या, सरोते म्हणजे अडकित्ते, सुताराच्या पटाश्या, हलवायाच्या सुऱ्या आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या विळ्या माझ्याकडे येत. धारेच्या धंद्यात ऐकायचं फार नसतं. माणूस बोथट कैची पुढं करतो, त्यात काय ऐकायचं?

जे ऐकायचं असे, ते बायको ऐकायची. माझ्या मागं पाटावर बसून तांदूळ निवडत असायची आणि हाताशी लाटणं ठेवायची. गिऱ्हाईक बोललं की ते लाटणं माझ्या पाठीत. एक ढोसा म्हणजे आज पाहिजे, दोन ढोसे म्हणजे उद्या चालेल. जोरात ढोसा म्हणजे गिऱ्हाईक चांगल्या घरचं आहे, बिडी विझवा. गल्लीला वाटायचं म्हाताऱ्याच्या पाठीला खाज आहे. मी बहिरा आहे हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, पोटच्या पोराला पण नाही.

आणि दगड वाजवायची वेळ आली की तीच माझे कान. मी ठोकायचो, ती डोळे मिटून ऐकायची, मी तिच्या ओठांकडे पाहायचो.

"बोल्ला का व?"

"थांबा. इकडून ठोका. आता पालटवा."

आणि मग निकाल. बोल्ला, नाही तर मुका हाये. एकदा बाकावरचा दगड खाली पडला. वरून साधा ओरखडा नव्हता. मी म्हटलं, काही नाही झालं, चढवतो. तिनं मला वाजवायला लावलं आणि म्हणाली मुका. मी चिडलो, पण चढवला नाही. तो दगड मग दाराला आड लावायला ठेवला.

पण तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता असं समजू नका. नव्या दगडाला ती कधी कधी मुका म्हणायची आणि मग तो बदलायला गोलबाजारात माझ्यासोबत यायची. गोलबाजारात आलो की वाटेत गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला लागायचा. तिथं उभी राहून ती तोंडात मावणार नाही एवढं एकेक गुपचुप गिळायची, डोळ्यांतून पाणी काढायची, आणि दुसरा दगड हमखास बोलायचा. मी कितीदा तरी म्हटलं, "खरं सांग, पयला खरंच मुका होता का?" ती म्हणायची, "तुमीच ऐका मंग." मी ठेलेवाल्याचे पैसे द्यायचो. 

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. ताप डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिनं माझा हात धरला आणि काही तरी बोलली. बराच वेळ बोलली. ओठ सुकले होते, धड हलत नव्हते, मला एक अक्षर कळलं नाही. ढोसायला तिच्याजवळ लाटणं नव्हतं. मी म्हटलं, हव. आमच्या रायपुरात हो म्हणायला सारे हवच म्हणतात, आम्ही भंडाऱ्याकडचे मराठीसुद्धा. ती समाधानानं हसली आणि डोळे मिटले.

मी कशाला हव म्हटलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. दुसरी करू नका म्हणाली असेल, की करा म्हणाली असेल? म्हणून मी मध्येच बसलो आहे. गंमत करतो आहे, पण रात्रीची भाकर एकट्यानं खाताना तोच एक विचार येतो. 

तर हव. बहिऱ्या माणसाची सगळी इस्टेट म्हणजे हा एक शब्द. समोरचा बोलून थांबला, भुवया वर करून पाहायला लागला, की हव म्हणायचं. बहुतेक वेळा काम भागतं. दुसरी युक्ती म्हणजे आपणच बोलत राहायचं. जो बोलतो त्याला ऐकावं लागत नाही. आमचा पोट्टा भोपाळला सरकारी नोकरीत होता, सणावारी यायचा, तेव्हा त्याची आई मध्ये असायची. मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, मंत्रालय आलं आणि पोट्ट्याची बदली इथं झाली. आता दर रविवारी यायचा. तो आला की मी कारखान्याच्या गोष्टी सुरू करायचो, त्या तो जाईपर्यंत संपू द्यायचो नाही. बिचारा चहा पिऊन परत जायचा. 

राजधानी झाल्यापासून आमच्या गल्लीत सगळ्याला एकच कारण. चहाचा ग्लास लहान का झाला? राजधानी आहे. नालीवर फरशी का टाकली? राजधानी आहे. फरशी चोरीला का गेली? तेच. पोट्टाही म्हणायला लागला होता, "बाबा, अब राजधानी है. आपण फुटपाथवर सुऱ्या घासून राहिले, बरं दिसते का?" हे वाक्य मला पाठ झालं होतं, त्याच्या ओठांवरून बरोबर ओळखायचो. त्याला मी हव नाही म्हणायचो.

पण तेरवीच्या दिवशी पाहुणे गेल्यावर तो माझ्याजवळ बसला. खाली मान घालून, जमिनीकडे पाहत, बराच वेळ बोलला. त्याचा चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं आईची आठवण काढतो आहे. शेवटी त्यानं वर पाहिलं, डोळे भरलेले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, हव.

पावसाळा संपता संपता मला कळलं मी काय कबूल केलं होतं. सांगितलं शेजारणीनं. आमच्या टपरीला लागून एक छत्तीसगढी बाई मुर्रा-चना, म्हणजे मुरमुरे-फुटाणे, विकते. तिचा आवाज असा, की तो ऐकायला कान लागत नाहीत, अंगाला लागतो.

"बबा, शंकर नगर जाबे का?"

"मी? काहून?"

तिनं मुर्ऱ्याचं माप खाली ठेवलं आणि हातवारे करून सगळं सांगितलं. पोट्ट्याला शंकर नगरात सरकारी क्वार्टर मिळालं. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार. मी क्वार्टरात, ग्राइंडर भंगारवाल्याकडे, टपरी मोडणार. म्हाताऱ्यानं तेरवीलाच होकार दिला होता, असं तो सगळ्या गल्लीला सांगून गेला होता. वर हेही म्हणाला होता की मशीन तशीही बंदच पडली आहे.

ते मात्र खरं होतं. बायको गेल्यापासून मी दगड बदलला नव्हता. डावा, खरबरीत दगड घासून घासून भाकरीचा पुरीएवढा झाला होता. आणखी घासला असता तर पटाशी लोखंडाच्या चकतीलाच लागली असती. मी मशीन बंद करून नुसता टपरीत बसायचो. लोक कैच्या घेऊन यायचे, मी नाही म्हणून मान हलवायचो. लोकांना वाटायचं दुःख आहे. दुःख होतंच. पण नवा दगड ऐकणार कोण, हाही प्रश्न होता. 

मी तिथंच ठरवलं, रविवारच्या आधी दगड बदलायचा. फिरती मशीन, समोर लोकांच्या विळ्यांची रांग, असं दिसलं तर पोट्टा कोणत्या तोंडानं तिला टेम्पोत चढवेल? आणि मशीन गेली तर मी काय करू? शंकर नगरच्या क्वार्टरात भिंतीकडे पाहत हव हव करू? त्या टपरीत निदान पाठीला जागा माहीत आहे, ढोसा कुठं बसायचा त्याची.

गोलबाजारातून नवा दगड आणला. एकटा गेलो, गुपचुपच्या ठेल्याकडे पाहिलं नाही. दगडावरचा कागद नीट पाहिला. त्यावर दगड जास्तीत जास्त किती वेगानं फिरवायचा ते लिहिलेलं असतं, तो आकडा मोटरीच्या आकड्यापेक्षा मोठा पाहिजे. होता. भोकाचं माप बरोबर. कडा सगळीकडे सारखी, कुठं टवका नाही. राहिलं काय, तर वाजवणं.

शेजारणीला सांगावं? तिच्या पोटात मुर्रा राहील, गोष्ट राहणार नाही. संध्याकाळपर्यंत तलावातल्या मासोळ्यांनाही कळलं असतं की बबा बहिरा आहे. मग पोट्ट्याला कळलं असतं, आणि बहिऱ्या म्हाताऱ्याजवळ फिरता दगड कोण ठेवेल?

समोरून एक सुतार चालला होता, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला बोलावलं. म्हटलं, "भैया, तुमचा कान लय तयार हाये म्हणतात. जरा सांगा बरं, याचा आवाज कसा हाये?" त्याची पारख करावी म्हणून मी आधी दाराच्या आडचा फुटका दगड काठीत ओवला आणि ठोकला. त्यानं अंगठा वर केला. बढिया. मग नवा ठोकला. त्यानं पुन्हा अंगठा वर केला. एकदम बढिया. हा माणूस राजधानीतल्या नव्या बंगल्यांच्या चौकटी बसवतो. लोकांची दारं कशी लागत असतील देव जाणे. 

मग मी बोटांनी ऐकून पाहिलं. एका हातानं काठी धरली, दुसऱ्यानं ठोकलं. काठीत काही तरी थरथरलं, पण ती थरथर दगडाची की माझ्या म्हाताऱ्या हाताची, ते समजेना. तेव्हा कारखान्यातली एक गोष्ट आठवली. आमचा एक उस्ताद मोटरीचं बेअरिंग तपासायला पेचकसाचं टोक मोटरीला लावायचा आणि मूठ दातांत धरायचा. म्हणायचा, हाडाला सगळं ऐकू येतं.

माझे पुढचे दात अजून माझेच आहेत. मी टपरीच्या कोपऱ्यात उकिडवा बसलो. काठीचं एक टोक फळीच्या खाचेत टेकवलं, दुसरं दातांत धरलं, मधोमध दगड लटकवला. डोळे मिटले, आणि पेचकसाच्या मुठीनं ठोक. जरा थांब. ठोक. लाळ हनुवटीवरून वाहायला लागली. दातांत मुंग्या आल्या, पण डोक्यात काही वाजलं नाही. पुन्हा ठोकलं. डोळे उघडले तर टपरीच्या दारात शेजारीण उभी, हातातलं सूप तिरपं झालेलं, मुर्रा माझ्या पायावर सांडत होता.

"बबा ला का होगे दाई!" एवढं बोलून ती पळाली.

काठी दातांत असताना माणूस खुलासा करू शकत नाही. काठी काढेपर्यंत ती एसटीडीच्या दुकानात पोचली होती. पोट्ट्याच्या ऑफिसात तिनं काय कळवलं ते मला नंतर समजलं. बबा दगड खाऊन राहिला, दाईच्या, म्हणजे पोट्ट्याच्या आईच्या, नावानं घंटी वाजवून राहिला, लवकर या.

पोट्टा स्कूटरवर आला, ऑफिसच्या कपड्यांत, कपाळाला घाम. माझ्यासमोर दगड, काठी आणि ओली झालेली छाती. तो काही तरी बोलला आणि टपरीत येरझारा घालायला लागला. त्याला राग आला की तो चालत बोलतो, हे त्याच्या आईचं. पण चालताना तोंड कधी भिंतीकडे, कधी रस्त्याकडे. मला काही हाती लागेना. तो थांबला, भुवया वर केल्या. आता मी काय करणार?

"हव," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम माझ्या मागं गेला, जिथं त्याच्या आईचा पाट असायचा. मी मान वळवली नाही, म्हटलं शोधत असेल काही. थोड्या वेळानं तो पुढं आला आणि भुवया वर केल्या. मी घाईनं म्हटलं, "हव, हव."

पोट्टा खाली बसला. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द तोडून म्हणाला, "बाबा, मी आधी इचारलं, तुमी बह्याड झाले का, डोकं फिरलं का? तुमी म्हनलं हव. मग मागं जाऊन इचारलं, आपल्या मशीनले पिल्लं झाली का? तुमी म्हनलं हव हव."

पुष्कळ वर्षांनी तो माझ्याशी इतकं सरळ मराठी बोलला होता. मी म्हटलं, "झाली असतील. मी इकडं पाहून राहिलो होतो."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "ऐकू नाई येत?"

मी आजूबाजूला पाहिलं. शेजारीण दारातच होती, सूप छातीशी धरून. आता लपवायचं तरी किती? वेडा ठरलो तर मशीन जाणार, बहिरा ठरलो तरी मशीन जाणार. निदान खरं तरी बोलावं.

"डावा कारखान्यात ठेवून आलो," मी म्हटलं. "उजवा इथंच कुठंतरी पडला."

"आईले मालूम होतं?"

"आईच तर ऐकत होती."

तो जमिनीकडे पाहायला लागला. मी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. "इकडं पाहून बोल. तेरवीच्या दिवशी असाच खाली पाहून बोलला होतास. त्या दिवशी मी काय कबूल केलं, मले मुर्रेवालीकडून समजलं."

त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची कीव आली. एवढे महिने तो मनात म्हणत असेल, बाबा किती शहाणे, लगेच हो म्हणाले. त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. मग दगडाकडे बोट केलं. "अन् हे काय करून राहिले होते?"

मी सांगितलं. दातांचं पण सांगितलं. शेजारणीनं तोंडाला पदर लावला, हसायला की काय कोण जाणे.

मग मी काठी त्याच्या हातात दिली. "आता आलाच हायेस तर ऐकून दे."

देताना मला पुरतं ठाऊक होतं मी काय करतो आहे. ज्याला मशीन भंगारात घालायची, त्यालाच मी पंच नेमलं होतं. तो नुसता मुका हाये म्हणाला असता तरी मी हा दगड चढवला नसता. न वाजलेला दगड मी लावत नाही, माझं मरण आलं तरी. गोलबाजार बंद व्हायची वेळ झाली होती, दुसऱ्या दिवशी रविवार, बाजाराला सुट्टी, आणि त्याच दिवशी टेम्पो. पोट्ट्याच्याही हे ध्यानात आलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग नजर चुकवली.

मी त्याला आधी दाराच्या आडचा दगड दिला. काही सांगितलं नाही. त्यानं ठोकला, मान तिरपी केली, पुन्हा ठोकला. तोंड वाकडं करून म्हणाला, "हा तर गेला. मटका फुटला असा वाजून राहिला."

सुतारापेक्षा बरा निघाला. पण फुटक्याला फुटका म्हणायला त्याचं काय जात होतं? मी नवा ओवून दिला.

त्यानं डावीकडून ठोकलं. डोळे मिटले. उजवीकडून ठोकलं. दगड फिरवला, पालटवला, मागच्या बाजूनं ठोकलं. कुठं ठोकायचं हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मी त्याच्या ओठांकडे पाहत होतो. एवढं टक लावून मी दवाखान्यात पाहिलं होतं, आणि तिथं काही कळलं नव्हतं. ओठ उघडले, पुन्हा मिटले.  त्यानं आणखी एकदा ठोकलं.

मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाला, "बोल्ला."

"नीट ऐकलं?"

"बोल्ला, बाबा. पुष्कळ वेळ बोलत राहते. मलेच तोंड बंद करा लागते त्याचं." आणि त्यानं तळहात दगडावर ठेवला.

मी त्याच्याकडे पाठ केली आणि पाना शोधायला लागलो. पाना समोरच होता, पण मला काही वेळ सापडला नाही.

आधी बोर्डातून पिन काढली. नुसतं बटन बंद करून भागत नाही. घरात माणसं असतात आणि माणसांना बटनं दाबायची सवय असते. गार्डचं झाकण खोललं. जुना दगड घट्ट धरून मी नटाला पाना लावला आणि जोर केला. हलेना. पुन्हा जोर केला. पोट्ट्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि समोर येऊन म्हणाला, "बाबा, डाव्या बाजूले उलटे आटे राहतात. तुमी कसून राहिले."

"मले मालूम हाये," मी म्हटलं. "तुझी परीक्षा घेऊन राहिलो."

"पास झालो?"

"एवढ्यात काय सांगता येते."

नट सुटला. चकत्या पुसल्या, दोन्ही सारख्या मापाच्या. जुन्या दगडाची भुकटी शाफ्टवरून काढली. नवा दगड सरकवला, तो अलगद बसला. अडला तर हातोडीनं मारायचा नाही, आणि गदगद हलला तर ठेवायचा नाही. दगडाच्या दोन्ही पोटांवर कागद असतो, तो काढून फेकणारे शहाणे असतात. तो शोभेचा नसतो, लोखंडाच्या चकतीनं दगडाला चावू नये म्हणून असतो. पोट्टा तो नखानं खरवडायला लागला तेव्हा मी त्याच्या हातावर चापट मारली. चाळीस वर्षांचा अधिकारी, दारात शेजारीण पाहत होती, तरी गप्प बसला.

नट कसायलाही एक अंदाज लागतो. दगड घसरू नये एवढा, आणि दगडाचा जीव जाऊ नये एवढाच. जिथं थांबायचं तिथं मी थांबलो. हातानं फिरवून पाहिला, कुठं घासत नव्हता. गार्ड लावलं. विळी-कैची टेकवायचा टेका दगडाच्या जवळ आणला, मध्ये आगकाडी जाईल एवढीच फट. फट मोठी राहिली तर विळीचं पातं आत ओढलं जातं, आणि मागून बोट.

मान वर केली तर शेजारीण लोटा आणि नारळ घेऊन उभी. नवीन मशीन नाही, पण नवा दगड तर आहे, म्हणून दोन थेंब पाणी, थोडं कुंकू आणि वर नारळ, असा तिचा बेत. लोटा तिरपा झालाच होता. मी दगडासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"पाणी नको! हा पाणी पितो. एका बाजूनं प्यायला की फिरताना थयथय नाचतो."

"अऊ नारियर?"

"नारळ उंबरठ्यावर फोड. याच्यावर फोडला तर पुढचा नारळ माझ्या नावाचा."

तिनं उंबरठ्यावर फोडला. कुंकू मशीनच्या लोखंडी पोटाला लावलं. पाण्याचं काय करावं ते न सुचून ती ते स्वतःच प्यायली.

पिन लावली. पोट्टा दगडाच्या बरोबर समोर उभा, हाताची घडी घालून. मी त्याचा शर्ट धरून त्याला बाजूला ओढलं आणि भिंतीला लावलं. पहिल्यांदा चालू करताना दगडाच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. ज्याला फुटायचं असतं तो पहिल्या मिनिटात फुटतो. मी बाजूला उभं राहून हात लांब करून बटन दाबलं.

आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, हेडमास्तरनं उभं केल्यासारखे. टपरीतली हवा हलायला लागली. माझ्या पायाला जमीन हलकी थरथरताना कळली, सारखी, एका चालीची. तरी मी पोट्ट्याच्या तोंडाकडे पाहत होतो, त्याच्या कानाला काही वेगळं लागतं का ते पाहायला. त्यानं काही दाखवलं नाही. नुसता ऐकत उभा होता. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्याकडे वळून मान हलवली. 

मी मशीन बंद केली. दगड थांबेपर्यंत कोणी हललं नाही.

तो हात धुवायला आत गेला आणि आला तो स्कूटरची चावी हातात घेऊन. मला वाटलं आता बोलणार राजधानीचं. तो माझ्यासमोर उभा राहिला, ओठ नीट दिसतील असा.

"एकटे असताना चालवायची नाई. कान असलेलं कोणी तरी टपरीत पायजे."

"कोण बसंल माझ्यापाशी?"

त्यानं शेजारणीकडे पाहिलं. ती आधीच आपला मुर्ऱ्याचा टोपला ओढत टपरीच्या आत आणत होती. सावली चांगली आहे म्हणाली, असं पोट्ट्यानं मला सांगितलं. मी तिला जागा करून दिली. तिच्या बडबडीची मला भीती नाही, अर्धी मला ऐकूच येणार नाही.

"उद्या येतो," पोट्टा म्हणाला.

"टेम्पो घेऊन?"

त्यानं स्कूटरला किक मारली आणि मान वळवून, मला दिसेल असं म्हणाला, "विळी घेऊन. क्वार्टरात कांदा कापला जाऊन नाई राहिला."

मी म्हटलं, सकाळीच ये, दुपारी माझ्याकडे गर्दी राहते. गर्दी कशाची, गिऱ्हाईकांना अजून मशीन सुरू झाली हेच माहीत नव्हतं. पण टोपला आत आला होता, आणि ती बाई गल्लीला सांगितल्याशिवाय जेवणार नव्हती.